इलेक्ट्रॉनिक फ्लॅश (फिल्म छायाचित्रण)

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हे झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक विसर्ग घडवून अत्यल्प काळ तीव्र प्रकाश देणारे छायाचित्रणाचे उपकरण आहे. अपुऱ्या प्रकाशात चित्र टिपणे, कडक उन्हातील सावल्या सौम्य करणे आणि वेगवान हालचाल गोठवणे हे त्याचे तीन मुख्य उपयोग होत.

फिल्म कॅमेऱ्यासह फ्लॅश वापरताना दोन अडचणी येतात. हा प्रकाश सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरताच टिकत असल्यामुळे तो डोळ्यांना जोखता येत नाही. आणि त्याचा परिणाम फिल्म धुऊन होईपर्यंत पाहता येत नाही. त्यामुळे फ्लॅशचा निर्णय चित्र घेण्यापूर्वीच हिशोबाने करावा लागतो. या हिशोबाचे मूलतत्त्व एकच आहे : फ्लॅशच्या प्रकाशाचे प्रमाण भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असते, शटरच्या वेगावर नाही, भोवतालच्या प्रकाशाचे प्रमाण मात्र छिद्र आणि शटर या दोहोंवर अवलंबून असते. हे तत्त्व प्रत्यक्ष कसे वापरतात हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील अंजूर व भिवंडी परिसरातील जुने वाडे आणि यंत्रमाग यांची उदाहरणे घेतली आहेत.

पूर्वपीठिका

क्षणिक प्रकाशात चित्र घेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५१ मध्ये फिरत्या चाकावर लावलेल्या वृत्तपत्राच्या पानाचे चित्र विद्युत् ठिणगीच्या उजेडात घेतले होते. व्यवहारात मात्र पुढील अनेक दशके रासायनिक प्रकाशच वापरला गेला. १८६० नंतरच्या दशकात मॅग्नेशियमची तार जाळून उजेड केला जाई. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर तयार केली. या पावडरीचा मोठा भडका व धूर होत असे आणि तिने भाजण्याच्या घटनाही घडत. १९३० च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद असलेला फ्लॅश-बल्ब आला. तो सुरक्षित होता. परंतु एका चित्रानंतर निकामी होत असे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत काम केलेल्या पत्रछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या कारकिर्दीचा बराचसा भाग या बल्बच्या काळातला आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ मध्ये वायुनळीचा वेगवान फ्लॅश विकसित केला. फिरत्या विद्युत् यंत्रांचे निरीक्षण करणे हा त्यांचा मूळ उद्देश होता. छायाचित्रणातील उपयोग त्यातून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात वागवता येण्याजोगे फ्लॅश मिळू लागले आणि ट्रान्झिस्टरच्या प्रसारानंतर ते पेन्सिल सेलवर चालू लागले. एकच नळी हजारो वेळा चमकू शकत असल्याने फ्लॅश-बल्बची गरज हळूहळू संपली.

रचना व कार्य

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या सामान्य फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल असतात. त्यांचा ६ व्होल्टचा दाब आंदोलक मंडल व रोहित्र यांच्या साहाय्याने सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वाढवला जातो. फ्लॅश सुरू केल्यावर ऐकू येणारा बारीक, चढत जाणारा आवाज या मंडलाचा असतो. वाढवलेला दाब एका मोठ्या धारित्रात साठवला जातो. उदाहरणार्थ, १००० मायक्रोफॅरड धारिता आणि ३०० व्होल्ट दाब असेल, तर साठलेली ऊर्जा ४५ ज्यूल होते. कॅमेऱ्याचे शटर उघडताच एक लहानसे मंडल नळीभोवती काही हजार व्होल्टचा क्षणिक दाब निर्माण करते. त्यामुळे झेनॉन वायू विद्युत्‌वाहक बनतो आणि धारित्रातील सर्व ऊर्जा नळीतून वाहून प्रकाशरूपाने बाहेर पडते.

फ्लॅशच्या मागील बाजूचा छोटा दिवा तो तयार झाल्याचे सूचित करतो. मात्र अनेक फ्लॅशमध्ये हा दिवा धारित्र पूर्ण भरण्यापूर्वीच लागतो. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ८० टक्के दाबाला केवळ ६४ टक्के ऊर्जा उपलब्ध असते, म्हणजे चित्र सुमारे दोन तृतीयांश स्टॉपने कमी उजळते. म्हणून दिवा लागल्यानंतरही काही सेकंद थांबण्याची व्यावसायिक छायाचित्रकारांची पद्धत आहे. सेल जुने असल्यास हा काळ आणखी वाढवावा लागतो.

शटरशी समकालन

शटर पूर्ण उघडे असतानाच फ्लॅश चमकणे आवश्यक असते. या जुळणीला समकालन किंवा छायाचित्रकारांच्या बोलीत ‘सिंक’ म्हणतात. कॅमेऱ्यांत शटरचे दोन मुख्य प्रकार असतात.

भिंगातील पाकळ्यांचे शटर : यात पाकळ्या मध्यातून बाहेर उघडतात. कोणत्याही वेगाला ते क्षणभर पूर्ण उघडत असल्याने सर्व वेगांना फ्लॅश वापरता येतो. येशिका मॅट-१२४जी किंवा रोलायफ्लेक्स यांसारख्या दुहेरी भिंगांच्या कॅमेऱ्यांत असे शटर असते.

फिल्मलगतचे पडद्याचे शटर : यात दोन पडदे एकामागोमाग सरकतात. वेग जास्त असल्यास पहिला पडदा शेवटास पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघतो आणि फिल्मवरून केवळ एक फट सरकत जाते. अशा वेळी फ्लॅश चमकल्यास चित्राचा एक पट्टाच उजळतो आणि उरलेला भाग काळा राहतो. त्यामुळे अशा कॅमेऱ्यास फ्लॅशसाठी वेगाची कमाल मर्यादा असते. झेनिट-ई कॅमेऱ्यात ती १/३० सेकंद, पेंटॅक्स के-१००० मध्ये १/६०, येशिका एफएक्स-३ मध्ये १/१२५ आणि १९८२ च्या निकॉन एफएम-२ मध्ये १/२०० सेकंद आहे. वेगाच्या चकतीवर हा अंक बहुधा वेगळ्या रंगात किंवा ‘एक्स’ या खुणेसह छापलेला असतो. या मर्यादेपेक्षा कमी वेग मात्र चालतो.

जुन्या कॅमेऱ्यांवर ‘एक्स’ आणि ‘एम’ अशा दोन जोडण्या आढळतात. ‘एम’ जोडणी फ्लॅश-बल्बसाठी असते. बल्ब पूर्ण तेजाने पेटण्यास सुमारे २० सहस्रांश सेकंद लागत असल्याने ती शटर उघडण्याच्या तेवढी आधी विद्युत् मंडल पूर्ण करते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तत्काळ चमकतो. त्यामुळे तो ‘एम’ला जोडल्यास शटर उघडण्यापूर्वीच प्रकाश येऊन जातो आणि फिल्म कोरी राहते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी नेहमी ‘एक्स’ जोडणीच वापरावी लागते.

समकालनाची खात्री फिल्म न घालता करता येते. कॅमेऱ्याचे मागील झाकण उघडून, भिंगाचे छिद्र पूर्ण मोठे करून, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखावा व मागून पाहत बटण दाबावे. क्षणभर पूर्ण चौकट उजळलेली दिसली तर जुळणी बरोबर आहे. अर्धीच दिसली तर शटरचा वेग जास्त आहे. काहीच दिसले नाही तर जोडणी चुकीची आहे किंवा तार तुटलेली आहे.

मार्गदर्शक अंक

प्रकाशस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. या व्यस्त वर्ग नियमामुळे फ्लॅशची शक्ती एका अंकात सांगता येते. त्यास मार्गदर्शक अंक किंवा ‘गाईड नंबर’ म्हणतात. हा अंक म्हणजे अंतर आणि भिंगाचा एफ-अंक यांचा गुणाकार होय, म्हणून

एफ-अंक = मार्गदर्शक अंक ÷ फ्लॅशपासून विषयाचे अंतर

आयएसओ १०० फिल्मसाठी, मीटरमध्ये २८ मार्गदर्शक अंक असलेल्या फ्लॅशचे हिशोब पुढीलप्रमाणे येतात :

• २.५ मीटर अंतर – एफ/११
• ३.५ मीटर अंतर – एफ/८
• ५ मीटर अंतर – एफ/५.६
• ७ मीटर अंतर – एफ/४
• १० मीटर अंतर – एफ/२.८

फिल्मची संवेदनक्षमता चौपट झाल्यास मार्गदर्शक अंक दुप्पट होतो. म्हणजे आयएसओ ४०० फिल्मवर हाच फ्लॅश ५६ अंकाचा ठरतो. आयएसओ २०० साठी तो १.४ पट होतो. अंक फुटांत दिला असल्यास त्यास ३.३ ने भागून मीटरमधील अंक मिळतो. अंतर वाचण्यासाठी भिंगावरील अंतराच्या खुणांचा उपयोग होतो : विषयावर फोकस करावा, अंतर वाचावे आणि भागाकार करावा. येथे फ्लॅशपासून विषयापर्यंतचे अंतर धरायचे असते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा धरला असेल, तर कॅमेऱ्याचे अंतर हिशोबात येत नाही.

उत्पादकाने दिलेला अंक बहुधा मध्यम आकाराच्या, फिक्या भिंतींच्या खोलीसाठी असतो. मोकळ्या अंगणात किंवा रात्रीच्या मिरवणुकीत भिंतींवरून परतणारा प्रकाश मिळत नाही. तेथे छिद्र अर्धा ते एक स्टॉप मोठे ठेवावे लागते. एका चाचणी फिल्मवर ठरावीक अंतरावरून निरनिराळ्या छिद्रांना चित्रे घेऊन आपल्या फ्लॅशचा खरा अंक ठरवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

समूहचित्रातही हाच नियम लागू पडतो. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्या रांगेस एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. पुढचे चेहरे पांढरे पडतात व मागचे काळवंडतात. छायाचित्रकार मागे सरकून रांगा ४ व ५ मीटरवर येतील अशी रचना केल्यास हा फरक दोन स्टॉपवरून दोन तृतीयांश स्टॉपपेक्षाही कमी होतो.

स्वयंचलित फ्लॅश

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून विषयावरून परतलेला प्रकाश मोजून स्वतः बंद होणारे फ्लॅश बाजारात आले. यांत पुढील बाजूस एक प्रकाशसंवेदक असतो. वापरणाऱ्याने फिल्मचा वेग व ठरावीक छिद्र निश्चित केले की पुरेसा प्रकाश परत येताच विसर्ग थांबतो. पुढे थायरिस्टरच्या वापरामुळे उरलेली ऊर्जा धारित्रातच राखता येऊ लागली. परिणामी सेल अधिक टिकू लागले व दोन चित्रांतील अंतर कमी झाले. व्हिव्हिटार २८३ हा या प्रकारातील जगभर वापरला गेलेला फ्लॅश होय. १९७५ च्या ऑलिम्पस ओएम-२ कॅमेऱ्यात भिंगातून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश फिल्मच्या पृष्ठभागावरून मोजण्याची सोय झाली. तिला ‘टीटीएल’ पद्धत म्हणतात.

संवेदक प्रत्येक विषय मध्यम करड्या छटेचा असल्याचे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरी धोतरे, पांढऱ्या साड्या किंवा चुन्याची भिंत चौकटीत अधिक असल्यास फ्लॅश लवकर बंद होतो आणि पांढरा रंग मळकट येतो. तेथे छिद्र एक स्टॉप मोठे करावे लागते. काळ्या कोटातील व्यक्ती किंवा काळ्या पाषाणाची मूर्ती असल्यास उलट घडते. विषय आणि संवेदक यांच्यामध्ये एखादा खांब, तोरण किंवा जवळची व्यक्ती आल्यास संवेदक तीच मोजतो. अशा ठिकाणी फ्लॅश हस्तनियंत्रित ठेवून मार्गदर्शक अंकाने हिशोब करणे अधिक खात्रीचे ठरते.

भोवतालचा प्रकाश आणि फ्लॅश

फ्लॅशच्या प्रत्येक चित्रात वस्तुतः दोन उद्भासने एकाच वेळी होत असतात : एक फ्लॅशचे व दुसरे भोवतालच्या प्रकाशाचे. पहिले छिद्राने ठरते. दुसऱ्याचे प्रमाण, छिद्र तेच ठेवून, शटरच्या वेगाने कमीअधिक करता येते.

समया व दिव्यांच्या आराशीत बसलेल्या गणपतीचे उदाहरण घेता येईल. मूर्ती ५ मीटरवर आहे, फ्लॅश २८ अंकाचा आहे आणि छिद्र एफ/५.६ ठरले आहे. याच छिद्राला प्रकाशमापकाने दिव्यांच्या उजेडासाठी १ सेकंद दाखवला असे समजू. १/६० सेकंदाला चित्र घेतल्यास मूर्ती स्वच्छ येते. परंतु आरास सुमारे सहा स्टॉपने कमी उजळते, म्हणजे जवळजवळ काळी होते. कॅमेरा तिपाईवर ठेवून १/२ सेकंद दिल्यास मूर्तीवरील फ्लॅश तेवढाच राहतो आणि समयांचा पिवळसर उजेड केवळ एक स्टॉपने कमी असा टिकून राहतो. दर्शनास आलेली माणसे हलल्यास त्यांची किंचित पुसट छाया उमटते. ती नको असल्यास वेग वाढवावा लागतो व त्या प्रमाणात आराशीचा उजेड कमी होतो.

दुपारच्या उन्हात टोपी किंवा पागोट्याखालील डोळे सावलीत जातात. तेथे फ्लॅशचा भरणप्रकाश म्हणून उपयोग होतो. आयएसओ १०० फिल्मवर कडक उन्हात १/१२५ सेकंदाला साधारण एफ/१६ येतो. २८ अंकाच्या फ्लॅशने २.५ मीटरवर पूर्ण उजेडासाठी एफ/११ हवा असतो. म्हणजे एफ/१६ ला फ्लॅश आपोआप एक स्टॉपने कमी पडतो आणि सावल्या पूर्ण न पुसता केवळ उघडतो. ज्या कॅमेऱ्याची समकालन मर्यादा १/६० आहे, त्याला अशा उन्हात एफ/२२ वापरावा लागतो आणि फ्लॅश अधिक जवळ न्यावा लागतो. भरणप्रकाशाच्या दृष्टीने पाकळ्यांचे शटर सोयीचे ठरते ते यामुळेच.

प्रकाशाची दिशा

कॅमेऱ्यावरून थेट समोर पडणारा प्रकाश चेहरा सपाट करतो, मागील भिंतीवर काळी कडक सावली पाडतो आणि अंधारात विस्फारलेल्या बाहुल्यांमधून परतून डोळे लाल दाखवतो. फ्लॅश भिंगापासून दूर नेल्यास हे तिन्ही दोष कमी होतात. यासाठी समकालनाची तार वापरून फ्लॅश हाताने वर आणि एका बाजूस धरला जातो.

फ्लॅशचे डोके छताकडे वळवून परावर्तित प्रकाश वापरणे ही दुसरी पद्धत होय. येथे अंतर म्हणून फ्लॅश ते छत आणि छत ते विषय यांची बेरीज धरावी लागते. शिवाय छत काही प्रकाश शोषून घेते व उरलेला विखुरते. त्यासाठी आणखी एक ते दोन स्टॉप द्यावे लागतात. छत पांढरे व फार उंच नसणे आवश्यक आहे. रंगीत छताचा रंग रंगीत फिल्मवर चेहऱ्यावरही उतरतो.

जुन्या वाड्यांतील छायाचित्रण

भिवंडी तालुक्यातील अंजूर हे वसईच्या मोहिमेशी संबंधित गंगाजी नाईक अंजूरकर यांचे गाव. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. अंजूर येथील नाईकांचा वाडा व तेथील सिद्धिविनायकाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. अशा ऐतिहासिक वास्तूंचे अंतर्भाग फिल्मवर नोंदवताना फ्लॅशच्या मर्यादा स्पष्ट होतात.

जुन्या वाड्यांत सामान्यतः खिडक्या लहान, खांब व तुळया लाकडी आणि छत काळवंडलेल्या तक्तपोशीचे असते. असे छत प्रकाश परत देत नाही. जो थोडा देते तो तपकिरी असतो. त्यामुळे छतावरून परावर्तनाची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. चुन्याने रंगवलेली बाजूची भिंत, ताणून धरलेले पांढरे धोतर किंवा पांढरी छत्री हे त्यास पर्याय होत.

मोठ्या दालनासाठी खुल्या शटरची पद्धत उपयुक्त ठरते. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर ‘बी’ वर उघडे ठेवले जाते आणि एकच फ्लॅश निरनिराळ्या जागी नेऊन हाताने अनेकदा चमकवला जातो. भिंगाचे छिद्र एफ/८ असेल, तर २८ अंकाचा फ्लॅश दालनाच्या प्रत्येक भागापासून ३.५ मीटरवर धरावा लागतो. कॅमेरा १० मीटर दूर असला तरी हिशोब बदलत नाही. दोन चमकांच्या दरम्यान भिंगासमोर काळा पुठ्ठा धरतात, म्हणजे झरोक्यातून येणारा उजेड साठत नाही. एकाच जागेवरून दोनदा चमकवल्यास प्रकाश एक स्टॉपने आणि चारदा चमकवल्यास दोन स्टॉपने वाढतो. फ्लॅश धरणाऱ्याने आपले शरीर कॅमेरा आणि उजळलेली भिंत यांच्यामध्ये येऊ देऊ नये आणि फ्लॅशचे तोंड भिंगाकडे वळवू नये; अन्यथा चित्रात काळी आकृती किंवा पांढरा ठिपका उमटतो. खांबाआड उभे राहून काम केल्यास दोन्ही टळतात.

वाड्यांची पडझड, दुरुस्ती आणि नूतनीकरण यांमुळे मूळ रचनेचे दर्शन नंतर घडेलच असे नसते. अशा वास्तूची नीट उजळलेली निगेटिव्ह पुढील काळात दुरुस्तीसाठी व अभ्यासासाठी पुरावा ठरू शकते. म्हणून एकाच दृश्याची छिद्र एकेक स्टॉपने बदलून तीन चित्रे घेणे आणि प्रत्येकाचे छिद्र, अंतर व चमकांची संख्या वहीत नोंदवणे उचित मानले जाते.

यंत्रमागाचे छायाचित्रण

भिवंडी हे भारतातील प्रमुख यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे. धोट्याचा यंत्रमाग हा फ्लॅशच्या दुसऱ्या गुणाचे, म्हणजे गती गोठवण्याचे, चांगले उदाहरण आहे.

ताण्याच्या धाग्यांमधून धोटा सेकंदाला १० मीटर वेगाने जातो असे धरल्यास १/६० सेकंदात तो सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो. केवळ ट्यूबलाइटच्या उजेडात या वेगाला घेतलेल्या चित्रात धोट्याच्या जागी एक धूसर रेघ येते. फ्लॅशचा प्रकाश १/१००० सेकंद टिकला, तर हे सरकणे १ सेंटिमीटरवर येते आणि १/१०,००० सेकंद टिकला, तर १ मिलिमीटरवर. स्वयंचलित थायरिस्टर फ्लॅश जवळच्या विषयासाठी लवकर बंद होत असल्याने इतका अल्प काळ मिळू शकतो. म्हणून गती गोठवण्यासाठी फ्लॅश पूर्ण शक्तीवर न ठेवता विषयाच्या जवळ आणि कमी शक्तीवर ठेवतात. त्याच वेळी भोवतालचा प्रकाश फिल्मवर उमटू नये यासाठी छिद्र लहान आणि शटर समकालनाच्या कमाल वेगावर ठेवले जाते.

फ्लॅशच्या प्रकाशाचे रंगमान दिवसाच्या उजेडाशी जुळते, तर ट्यूबलाइटमुळे दिवसप्रकाशाच्या रंगीत फिल्मवर हिरवट झाक येते. वरील मांडणीत ट्यूबलाइटचा वाटा नगण्य होत असल्याने ही झाकही टळते. धोटा नेमका चौकटीत असताना बटण दाबणे डोळ्यांच्या भरवशावर शक्य नसते. त्यामुळे अनेक चित्रे घेऊन त्यांतून निवड करावी लागते.

चालू मागाजवळ अचानक चमकलेला प्रकाश विणकराचे लक्ष विचलित करू शकतो आणि तेथे क्षणाची चूकही दुखापतीस कारण होऊ शकते. कारखानदाराची व विणकराची पूर्वपरवानगी घेणे, पहिली चमक सांगून करणे आणि समकालनाची तार पट्ट्यांपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

फिल्मची निवड

रंगीत व कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश सहन करते, परंतु कमी प्रकाश फारसा सहन करीत नाही. म्हणून शंका असल्यास छिद्र थोडे मोठे ठेवतात. पारदर्शिका अर्थात स्लाइड फिल्ममध्ये अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते आणि अधिक उजेडाने धुवून गेलेला तपशील परत मिळत नाही. तेथे फ्लॅशमापक वापरणे किंवा छिद्र बदलून अनेक चित्रे घेणे हितावह असते. फ्लॅशसाठी नेहमी दिवसप्रकाशाची रंगीत फिल्म वापरतात. टंगस्टन दिव्यांसाठीच्या फिल्मवर फ्लॅशचे चित्र निळे येते.

नेहमीचे दोष व कारणे

• चित्र पूर्ण कोरे : ‘एम’ जोडणी, तुटलेली तार, हॉट शूवरील मळ किंवा फ्लॅश तयार होण्यापूर्वी दाबलेले बटण.
• चित्राचा एक भाग काळा : शटरचा वेग समकालन मर्यादेपेक्षा जास्त.
• सर्व चित्रे फिकी, मागचा भाग काळा : फ्लॅशवर भरलेला फिल्मचा वेग कॅमेऱ्यातील फिल्मपेक्षा वेगळा, अंतर फ्लॅशच्या टप्प्याबाहेरचे किंवा सेल उतरलेले.
• जवळचे चेहरे पांढरे : अंतराच्या मानाने छिद्र मोठे.
• चित्रात पांढरा डाग : मागील आरसा, काच किंवा तकतकीत रंगावरून परतलेला प्रकाश, फ्लॅश किंवा कॅमेरा तिरका धरल्यास तो टळतो.

लग्नातील अक्षता पडण्याचा क्षण किंवा विसर्जनाची वेळ पुन्हा येत नाही, आणि फिल्मवरील दोष घरी परतल्यावरच कळतो. त्यामुळे अशा प्रसंगी दुसरी तार, सेलचा दुसरा संच आणि शक्य असल्यास दुसरा फ्लॅश जवळ बाळगण्याची व्यावसायिकांची रीत आहे.

निगा व सुरक्षितता

फ्लॅश बंद केल्यावरही धारित्रात बराच काळ सुमारे ३०० व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. त्याचा धक्का गंभीर, प्रसंगी प्राणघातक ठरू शकतो. म्हणून फ्लॅश किंवा अंगभूत फ्लॅशचा, एकदाच वापरण्याचा कॅमेरा घरी उघडू नये. विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रयोगासाठी जुने कॅमेरे उघडताना ही बाब विशेष ध्यानात ठेवावी.

दीर्घकाळ न वापरलेल्या फ्लॅशमधील धारित्राची क्षमता घटते. महिन्यातून एकदा फ्लॅश भरून काही वेळा चमकवल्यास ती टिकते. ठेवून देताना सेल काढून ठेवावेत; त्यांतून पाझरलेला क्षार संपर्कपट्ट्या गंजवतो. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्याला तो सहन होतो. परंतु इलेक्ट्रॉनिक मंडल असलेल्या उत्तरकालीन कॅमेऱ्यांना त्याने इजा पोहोचू शकते. तान्ह्या मुलांच्या व वाहन चालवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जवळून फ्लॅश चमकवू नये.

वापरावरील मर्यादा

फ्लॅश वापरता येणे आणि तो वापरणे योग्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. अनेक देवस्थानांत गाभाऱ्यात छायाचित्रणास किंवा फ्लॅशला मनाई असते. प्रकाशाने होणारी रंगांची हानी साठत जाणारी असल्याने प्राचीन चित्रांबाबत विशेष खबरदारी घेतली जाते. अजिंठा येथील लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे. छायाचित्रकार बेनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास या भित्तिचित्रांची रंगीत चित्रे फ्लॅश न वापरता, अत्यंत कमी उजेडात दीर्घ उद्भासन देऊन घेतली. तिपाई, दीर्घ उद्भासन आणि संयम यांनी फ्लॅशवाचूनही उत्तम काम होऊ शकते याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

सद्यस्थिती

डिजिटल कॅमेऱ्यांत चित्र तत्काळ दिसत असल्याने फ्लॅशचा हिशोब आता बहुधा एकदोन चाचणी चित्रांनी केला जातो. फिल्म छायाचित्रण व्यवसाय म्हणून मागे पडले असले, तरी हौशी छायाचित्रकार व कलाशाळांतील विद्यार्थी ते करीत आहेत. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांच्या हॉट शूवर आजचे हस्तनियंत्रित फ्लॅशही चालतात. अशा फ्लॅशवर पडदा नसला तरी अंतर मोजणे, मार्गदर्शक अंकाला त्याने भागणे आणि शटर समकालन मर्यादेत ठेवणे या तीन कृतींनी योग्य उद्भासन मिळते.